कडू कंदाचा मांडव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी रोज काहीतरी सांगतच असतो.

मोखाड्यात कुणालाही विचारा, गुरुजी कसे? म्हणतील, शंभरातलं नव्वद सोडून द्या. घाटात बिबट्यानं माझ्याकडे तंबाखू मागितली, हे मीच सांगत आलोय. लोक हसतात, चहा सांगतात. यात कुणाचं काय बिघडतं? असं मला वाटायचं.

निवृत्त झाल्यावर घरामागे बाग करायला घेतली. जागा चार खाटांएवढी, सांगताना एकरभर. वहीत आखणी केली — इथे वाल, तिथे पडवळ, कडेला हळद. कुदळ मारली तर वीतभर मातीखाली कातळ. मग काळूबायला बोलावलं. खोडाळ्याकडच्या पाड्यावरची, आमच्या आठवडे बाजारात रानभाजी विकणारी. तिनं वही पाहिली. "गुरुजी, पाणी कुठून जाईल ते नाय लिवलं यात." उताराला दगडांचे बांध तिनं घातले, जंगलातून पाल्याची माती आणली, आणि कोपऱ्यात मांडवाखाली एक कंद लावला.

"ह्यो कडू कंद. चिरायचा, राख घालून उकडायचा, रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. मगच खायचा. नाय तर माणूस जातो, गुरुजी."

जाताना पुन्हा सांगितलं. फाटकातून वळून पुन्हा. मला ऐकू आलं होतं — हे लक्षात ठेवा.

वेल असा माजला की मांडवाखाली भर दुपारी दिवा लावावा लागे. बरं, दिवा नाही. पण अंधार होता. बायको तिकडे जाईना. म्हणायची, त्या कोपऱ्यात पाखरूही बसत नाही. मी मात्र चहाच्या टपरीवर सांगत सुटलो — माझ्या बागेतला कंद गोड, रताळ्यासारखा, नुसता उकडून खा. टपरीवरचे हसले. कडू कंद काय असतो ते इथलं शेंबडं पोरही जाणतं.

शिंदे हसले नाहीत. शेजारी नव्यानंच बदलून आलेले, देशावरचे. म्हणाले, आमच्या आईला रताळं फार आवडतं. द्याल का एखादं?

तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता? पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि गोष्ट रंगात आली होती. घरी येऊन मी दोन कंद खणून त्यांच्या पिशवीत घातले. विसरलो नव्हतो. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं — की काहीच वाटलं नाही? आता आठवायला गेलो की मी पुन्हा रचायला लागतो.

संध्याकाळी म्हातारीला जीपमध्ये आडवं घालून जव्हारला नेलं. तोंडाला फेस होता. वाचली, पण उठून बसायला महिना लागला.

शिंद्यांनी विचारलं. टपरीवर, सगळ्यांसमोर. मी म्हणालो, मला काय माहीत? काळूबायनं गोड म्हणून लावला.

जन्मभर माझ्या एका शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या गावानं हे मात्र लगेच मानलं. असं का, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही असेल. ती पाड्यावरची, मी गुरुजी. पुढच्या बाजारात बायका तिच्या टोपलीपाशी थबकत आणि पुढे जात. तिच्या हाताला काहीतरी आहे, असं कुणीतरी म्हणालं. त्याच्या पुढच्या बाजारात थबकेनातही. भाजी उन्हात तशीच मऊ पडायची.

एकदा तिनं मला अडवलं. आवाज चढवला नाही. "गुरुजी, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? ह्यांना सांगा."

आजूबाजूचे थांबले.

मी म्हणालो, "नाही, काळूबाय. तू काही बोलली नव्हतीस."

 तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि खोडाळ्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. परत आली नाही. तिच्या जागेवर आता एक लसूणवाला बसतो. मी त्याच्याकडूनच लसूण घेतो.