‘येऊ दे’ म्हटल्याशिवाय

"बाबाला उचला आणि आपल्या खुर्चीत टाका."

टाका म्हणाला. पोतं टाकतात, उष्टं टाकतात, तसं. मी त्याच्या पुढ्यात बसलेलो. कान शाबूत, जीभ शाबूत. पण तो माझ्या डोक्यावरून मागच्या दोघांशी बोलला.

जळगावहून धुळ्याला जाताना हायवेला लागून एक पार्क झालंय. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, सिमेंटचे हत्ती, आणि एका कोपऱ्यात बांधलेलं खोटं खेडं. त्याच्या गेटावरची ही गोष्ट. बोलणारा तिथला मॅनेजर. निळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. माझ्या जावयाहून लहान.

माझ्या कमरेखाली जीव नाही. नऊ वर्षं झाली. त्याआधी मी केळी कापणाऱ्या टोळीत होतो. गाव माझं भडगावकडचं, गिरणेच्या काठचं, पण निम्मं आयुष्य रावेरच्या बागांत गेलं. दुसऱ्यांच्या बागा. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, ट्रॉलीपर्यंत न्यायचा. एक दिवस भरलेली ट्रॉली बांधावरून कलंडली. मी खाली. मणका गेला. टोळी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. जायलाच पाहिजे होतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

मग सात वर्षं लोकांनी मला उचललं. खाटेवरून ओसरीत, ओसरीतून मोरीत. ज्याला वेळ असेल त्याने उचलायचं. कोणाला वेळ नसेल तर मी वाट बघायची. मोरीत जायचीसुद्धा वाट. ज्याने बघितली नाही त्याला हे सांगून कळणार नाही, म्हणून सांगत नाही.

माझी मुलगी सुमन धुळ्याला शिवणकाम करते. तिने मला तिच्याकडे नेलं आणि बॅटरीवरची खुर्ची आणली. उजव्या हाताशी एक दांडी आहे. बोट लावलं की चालते, बोट काढलं की थांबते. खाटेवरून खुर्चीत मी फळीवरून सरकत येतो. हात माझे अजून केळीवाल्याचे आहेत. पहिल्या दिवशी एकटा चौकापर्यंत गेलो, चहा प्यालो, परत आलो. सुमनला म्हटलं, आता मला कोणी उचलायचं नाही. ती "बरं" म्हणाली. तिला माहीत आहे, मी एकदा बोललो की बोललो.

पार्क बघायची हौस मला नव्हती. पाण्यात घसरून खिदळायचं माझं वय नाही आणि तसली अक्कलही मला कधी आली नाही. मला केळी पाहिजे होती. केळीच्या बागेत खुर्ची जात नाही. ओल असते, पाण्याच्या नळ्या असतात, चाक रुततं. नऊ वर्षं मी केळीच्या पानाखाली बसलो नव्हतो. त्या पार्कचा मोठा फलक हायवेवर लागला. त्यावर केळीची बाग आणि बागेतून गुळगुळीत सिमेंटचा रस्ता. मी सुमनला म्हटलं, "मले तठे लई चाल."

तिने शेजाऱ्याचा टेम्पो सांगितला. दोन फळ्या लावल्या. मी खुर्चीसकट टेम्पोत चढलो, खुर्चीसकट उतरलो. धुतलेला सदरा, पांढरी टोपी. लग्नाला निघाल्यासारखा.

गेटावर तो मॅनेजर म्हणाला, "बॅटरीची गाडी आत चालत नाही."

सुमन म्हणाली, "गाडी नाही दादा, खुर्ची आहे."

"पेटली तर? आत फॅमिली असतात."

म्हणजे मी आणि माझी मुलगी फॅमिली नव्हतो. मी काही बोलायच्या आत त्याने ते वाक्य टाकलं, आणि त्या दोघांनी मला धरलं. एकाने काखेतून, दुसऱ्याने पायांतून. मेलेलं जनावर उचलतात तसं. सदरा वर सरकला. माझ्या मांडीला लघवीची पिशवी बांधलेली असते. ती लोंबली. रांगेतल्या एका बाईने आपल्या पोरीचे डोळे झाकले. सुमनने धावत येऊन पदर आडवा धरला, तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं.

पार्कची खुर्ची ढकलायची होती. पाठीवर पार्कचं नाव, एका चाकात हवा कमी. आणि माझी खुर्ची? चपला ठेवतात त्या मांडणीजवळ, उन्हात. तिच्या सीटवर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवून गेलं.

आता मला लाज वाटते ते सांगतो. मी गप्प बसलो. केळी बघायला मिळेल म्हणून गप्प बसलो. माणसाला काही हवं असलं की लोकांना त्याचं मानगूट बरोबर सापडतं. मी ते हातात दिलं.

आमच्या टोळीत एक रीत होती. एक जण घड कापायचा, एक जण खाली खांदा लावून उभा राहायचा. खांद्यावर गोणपाटाची घडी. घड वीस-पंचवीस किलोचा. खालच्याचा पाय नीट रोवलेला नसताना वरच्याने कोयता मारला तर मान मोडते. म्हणून वरचा विचारायचा, "देऊ?" खालच्याने "येऊ दे" म्हटल्याशिवाय कोयता दांड्याला लागायचा नाही. कितीही घाई असो, ट्रकवाला कितीही बोंबलो. आणि घड कधी टाकायचा नाही. पानांवर उतरवायचा. दाबलं तर केळं काळं पडतं. अंगठेबहाद्दर माणसं आम्ही. पण घडालाही विचारून हात लावायचो, खांद्यालाही.

त्या मॅनेजरच्या गळ्यात शिट्टी होती. एवढीच त्याची विद्या.

सुमन मला ढकलत आत घेऊन गेली. आत बघतो तर बॅटरीवरच गाड्या फिरताहेत. छत असलेल्या, रंगीत, मालकाच्या पाहुण्यांना फिरवणाऱ्या. त्या पेटत नाहीत. त्यांची बॅटरी बहुतेक चांगल्या घरची असते.

खोट्या खेड्यात आलो. तिथे विहीर होती, तिला पाणी नव्हतं. बैलजोडी होती, तिला शेपट्या नव्हत्या, पोरांनी ओढून काढलेल्या. चूल होती, तिच्यात लाल बल्ब. आणि मग ती बाग. मी लांबूनच ओळखली. प्लास्टिक. खोडं प्लास्टिकची, पानं प्लास्टिकची, धूळ मात्र खरी. पान वाऱ्याने फाटतं, केळीचं पान असं अखंड राहतच नाही. इथे एकही फाटलेलं नव्हतं.

एवढं मी गिळलं असतं. फलकावरच्या चित्राला भुललो, चूक माझी. पण त्याच वेळी मॅनेजर पाहुण्यांची एक टोळी घेऊन आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. एका पोऱ्याकडून फेटा मागवला आणि माझी टोपी काढून फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. टोपी सुमनच्या हातात दिली. हातात लाकडी कोयता दिला, चांदीचा रंग लावलेला.

"हे बघा, आपल्याकडे ओरिजिनल शेतकरी पण आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. "या, फोटो काढा."

मी शेतकरी कधीच नव्हतो. माझ्या नावावर कुंडीएवढी माती नाही. पण त्याला काय फरक पडतो? त्याच्या लेखी मी त्या शेपूटतुट्या बैलांमधलाच एक.

लोक माझ्या मागे उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, बाबा, वर बघा. मी वर बघितलं.

माझ्या डोक्यावर घड होता. उलटा.

केळीचा घड ज्याने बघितलाय त्याला माहीत असतं, केळी वर वळलेली असतात. सूर्याकडे तोंड करून. आणि केळफूल सगळ्यात खाली लोंबतं. इथे सगळी केळी खाली तोंड करून, आणि केळफूल वर, नवरदेवाच्या तुऱ्यासारखं. एक नाही. दोन्ही बाजूंचे सगळे. खान्देशात, ज्याच्या केळ्यांवर ह्यांची पोटं वाढली त्या खान्देशात, खान्देश दाखवायला बसलेल्या माणसांनी घड उलटे टांगले होते. आणि वर्षभरात हजारो लोकांनी त्याखाली उभं राहून दात दाखवले होते.

मी म्हटलं, "बठ्ठा घड उलटा शेतस."

"काय म्हणतात बाबा?"

मी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, "घड उलटे लावलेत तुम्ही."

तो हसला. पाहुणे हसले. तो म्हणाला, "बाबा, डिझायनर पुण्याचा आहे. तुम्हाला काय कळतं? बसा गुपचूप."

माझ्या हातांवर अजून केळीच्या चिकाचे डाग आहेत. काळे. नऊ वर्षांत साबणाने गेले नाहीत. त्या हातात लाकडी कोयता देऊन हा मला विचारतो, काय कळतं.

मी कोयता खाली टाकला. हो, टाकला. फेटा काढला. सुमनला म्हटलं, "मन्ही खुर्ची आठे लई ये."

मॅनेजर म्हणाला, "ती बाहेर जाताना मिळेल."

मग मी दोन्ही हात खुर्चीच्या कडांना लावले, अंग उचललं आणि स्वतःला खाली सोडलं. सिमेंटवर. रस्त्याच्या मधोमध. कोपर सोललं. पण खाली मी गेलो, मला कोणी सोडलं नाही. त्यांच्या खुर्चीला टेकून बसलो.

सुमन वाकून हळूच म्हणाली, "आबा, जाऊ दे ना. इतला लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. मघाशी पिशवी देखी, आते तोंड देखू दे."

मग तिने माझी टोपी झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि बाजूला जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझीच आहे.

मॅनेजरने त्या दोघांना बोलावलं. "उचला."

मी म्हटलं, "हात लावून बघ. दात मोजत घरी जाशील."

दोघे थबकले. गरीब घरची पोरं. माझं वैर त्यांच्याशी नव्हतं. मागे माणसांची गर्दी साठली. त्यात एक म्हातारी होती, डोक्यावर पदर, सुनेबरोबर आलेली. ती वर बघत मोठ्याने म्हणाली, "आबा खरं सांगी ऱ्हायनात. घड उलटाच शे!" मग आजूबाजूचे खेड्यातले लोक वर बघायला लागले. कोणी फिदकन हसलं. कोणी मोबाइल काढला. मॅनेजर शिट्टी वाजवत होता. कोणी हलेना.

तेवढ्यात मालकाची रंगीत गाडी आली, पाहुण्यांनी भरलेली. रस्ता तेवढाच आणि त्यावर मी. मालक उतरला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "बाबा, काय पाहिजे तुम्हाला?"

"माझी खुर्ची."

"एवढंच?"

"एवढंच."

मॅनेजर म्हणाला, "सर, नियम आहे."

"अरे आणून दे ती. पाहुणे खोळंबलेत."

माझ्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी. पण खुर्ची आली. नियम कुठे गेला कोणास ठाऊक. बहुतेक चपलांच्या मांडणीवर ठेवून आले.

बागेच्या कडेला बसायचा कट्टा होता. मी हातांवर सरकत कट्ट्यापर्यंत गेलो. पाय मागून फरफटत येत होते. कट्ट्यावर चढायला वेळ लागला. खूप लागला. एकदा घसरलो. सगळे बघत होते आणि मालकाची गाडी उभी होती. उभी राहू दे म्हटलं. माझी सात वर्षं उभी होती. कट्ट्यावरून खुर्चीत जाताना सुमन पुढे आली. माझ्या घोट्यांजवळ हात नेले, पण टेकवले नाहीत. म्हणाली, "आबा, देऊ?"

लहानपणी ती माझी भाकर घेऊन बागेत यायची. तिथे ऐकलेलं.

मी पाय नाही, पण हात रोवले. "येऊ दे."

खुर्चीत बसलो. दांडीला बोट लावलं. त्या गुळगुळीत रस्त्यावर माझी खुर्ची काय चालली! काही पेटलं नाही. कोणाची फॅमिली भाजली नाही.

निघताना सुमनने एका घडाला हात घातला. तारेने बांधलेला, सहज फिरला असता. मी तिला थांबवलं. मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हटलं, "राहू दे उलटा. येणाऱ्याला कळू दे ह्यांची लायकी."

घरी आल्यावर जावई म्हणाले, "आबा, कशाला परत तिकडं जायचं, सोडून द्या." चांगला माणूस आहे, भांडणाला घाबरतो. मी सोडणार नाही. येत्या रविवारी जाणार आहे. टेम्पोवाल्याला सांगून झालंय, फळ्या काढून ठेवल्यात. केळी बघायला जात नाही, ती कचरा आहे. त्या गेटातून आत जायला जातोय. ज्या खुर्चीत बसून जाईन त्याच खुर्चीत बसून बाहेर येईन. आत नाही सोडलं तर गेटाच्या मधोमध बसेन, आणि मग कोणाच्याच फॅमिलीला आत जाता येणार नाही. पुढच्या रविवारीही बसेन. बॅटरी रात्रभर लावून ठेवतो, दिवसभर पुरते.

निळा टी-शर्ट येईल. मागे ते दोघे असतील. काखेकडे हात येतील.

मी ‘येऊ दे’ म्हणणार नाही.