चार बोटं मोठं दार

माणूस खरं बोलतोय की खोटं, हे ट्रंकमावशीला कानाने कळायचं. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. डोळे काय, चेहऱ्याला भुलतात. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर काढली होती. समोर लुकलुकणारे दिवे, कानावर हेडफोन आणि हातात दोऱ्या. या दोरीचं टोक त्या भोकात घातलं की इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायचा. तेवढ्या वर्षांत तिने एक शास्त्र स्वतःच शोधून काढलं होतं आणि भेटेल त्याला ती ते ऐकवायची. "खोटं बोलणारा आधी श्वास घेतो. अगदी बारीकसा. खरं बोलणाऱ्याला तेवढी सवड नसते."

तिचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुंपणावरून शेजारणीशी बोलतानाही आवाज असा खणखणीत, जणू समोरची बाई दोनशे मैलांवर उभी आहे. गप्पा अगदी रंगात आल्या की मध्येच "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" असं ट्रंक कॉलवर विचारतात तसं विचारून ती आत निघून जायची. मग ट्रंकमावशी नाही तर दुसरं काय नाव पडणार?

अशा बाईच्या घरात तीन कारागीर शिरले, आणि तेही तारीख ठरवून दिलेल्या कामावर. म्हणजे भांडण ठरलेलंच होतं.

काम निघालं ते ताईसाठी. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर धाकटीच्या वेण्या ताईने घातल्या, शाळेच्या वहीवर पालक म्हणून सही ताईने केली आणि एक्स्चेंजमधल्या नोकरीचा अर्जही तिनेच शेजारी बसून लिहून घेतला. तीच ताई आता ऐंशीच्या घरात आली होती, नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि जिन्यात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात ती परत चढू शकणार नव्हती. आठ महिने ती नर्सिंग होममध्ये होती. पुढच्या महिन्याच्या अखेरीला तिथली खाट दुसऱ्या कुणाला द्यायची ठरली होती.

"माझ्याकडे यायचं, विषय संपला," मावशी म्हणाली.

"येईन," ताई म्हणाली, "पण एक अट आहे. मला दार पाहिजे."

"कसलं दार?"

"न्हाणीघराचं. इथे आठ महिने मी उघड्यावर आंघोळ करतेय छोटे. कडी नाही, काही नाही. कुणीही येतं, बादली उचलतं, जातं. मला माझ्या हाताने लावता येईल असं दार पाहिजे. खुर्चीत बसून हात पोचेल अशी कडी. नाहीतर मी नाही येत."

ताईने आयुष्यात स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. मावशीच्या घरात न्हाणीघर वरच्या मजल्यावर होतं. म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची खोली रिकामी केली आणि तिथे खाली नवं न्हाणीघर करायचं ठरलं. हातात सहा आठवडे होते. प्लंबर म्हणाला, आठ दिवसांचं काम. फरशी बसवणारा गवंडी म्हणाला, प्लंबर गेला की चार दिवस. सुतार म्हणाला, दाराचं काय, ते तर बोलता बोलता होतं.

पहिल्या दिवशी प्लंबरने भिंत फोडली आणि दुसऱ्या दिवसापासून तो गायब झाला.

"मावशी, रस्त्यातच आहे," तो फोनवर म्हणायचा.

"रस्त्यात पंधराचा पाढा कोण म्हणतंय? घरी बसलाय तुम्ही. मुलीचा पाढा चुकला बघा, पंधरा सत्ते पंचाण्णव म्हणाली ती. दुरुस्त करा आणि निघा."

तो त्या दिवशी आला, पण रोज कुठे पाढे ऐकू येतात? पुढे प्लंबर म्हणू लागला, "गवंडी फरशीचा उतार काढून देत नाही, तोवर मी नळी कुठे टाकू?" गवंडी म्हणू लागला, "त्याची नळी पडल्याशिवाय मी उतार कसा काढू?" दोघंही रोज एकमेकांची वाट बघत आपापल्या ठिकाणी बसून होते. न्हाणीघराच्या जागी एक खड्डा होता आणि त्यात मावशीचा जुना पाटा पालथा पडलेला. दोन आठवडे असेच गेले.

मग एका सकाळी मावशीने आपली विद्या बाहेर काढली. घरातल्या जुन्या काळ्या फोनवरून प्लंबरला लावला, भाचीने दिलेल्या मोबाइलवरून गवंड्याला लावला. दोघांनी उचलल्यावर एक फोन सुलटा, एक उलटा धरून तिने तोंडाला कान आणि कानाला तोंड असे जोडले. "बोला आता," ती ओरडली, "दोन्ही पार्ट्या लाइनवर आहेत."

मग प्लंबर म्हणाला, "मी तर एका कामावर आहे, लांब." गवंडी म्हणाला, "मीपण." दोघांनीही आधी श्वास घेतला होता, पण मावशीला त्याची गरजच पडली नाही. कारण तेवढ्यात कुठेतरी कपबशी खळ्ळकन फुटली, आणि ती दोन्ही फोनांत एकदमच फुटली.

मावशीने क्षणभर ते आवाज कानात घोळवले. आयुष्यात इतकं स्वच्छ कनेक्शन तिला मिळालं नव्हतं.

"एकाच हॉटेलात बसलाय दोघं," ती शांतपणे म्हणाली. "बहुतेक एकाच टेबलावर. चहा संपवा आणि या."

वीस मिनिटांत दोघं खाली मान घालून दारात हजर. त्यानंतर नऊ दिवसांत नळी पडली, उतार निघाला, फरशी बसली, आणि भिंतीला धरून उठता येईल असा दांडाही बसला. प्लंबर पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट स्वतःच सांगत फिरायचा.

राहिला सुतार. त्याच्यापुढे मात्र मावशीची विद्या लंगडी पडली.

उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल, बोलायला लोण्यासारखा. त्याला फोन केला की तो म्हणायचा, "उद्या, मावशी. उद्या दार घेऊनच येतो." आणि श्वास घ्यायचा नाही! मावशी कानात प्राण आणून ऐकायची. एक बारीकसा श्वास सापडला असता तर तिने त्याला सोलून काढला असता. पण नाही. तो खोटं बोलतच नव्हता. त्या माणसाचा उद्यावर मनापासून विश्वास होता. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

माप घ्यायला तो तीनदा आला. पहिलं माप त्याने तळहातावर लिहिलं आणि संध्याकाळी हात धुतले. दुसरं लिहिलेला कागद हरवला. तिसरं माप मात्र त्याने वहीत नीट लिहिलं, आणि महिना संपायला तीन दिवस उरले असताना दार घेऊन खरोखरच आला. मावशीचा जीव भांड्यात पडला. दार चौकटीला लावलं, आणि ते चार बोटं मोठं निघालं. तिसरं माप त्याने भिंतीला गिलावा आणि फरशी लागायच्या आधी घेतलं होतं, आणि त्यानंतर चौकटीची जागा आकसली, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काही नाही, चार बोटं तासायची," सुतार म्हणाला. "उद्या आणतो." दार हातगाडीवर घालून तो गेला. उद्या आला, परवा आला, सुतार आला नाही.

ताई रोज संध्याकाळी पाचला नर्सिंग होममधून फोन करायची. "झालं का गं?"

त्या संध्याकाळी मावशी म्हणाली, "होतच आलंय ताई. दार तेवढं आज-उद्यात लागेल."

पलीकडून ताई म्हणाली, "छोटे, तू श्वास घेतलास."

एकतीस वर्षं जगाचे श्वास मोजले आणि स्वतःचा ऐकायचा राहिला. मावशीला रडूच आलं. ती म्हणाली, "नाही लागलं ताई. चार बोटं मोठं झालं. घेऊन गेलाय, आणत नाही. तुझी एक अट होती आणि तेवढीही मला पुरी करता आली नाही."



"पडदा लाव," ताई म्हणाली. "जाडसा. पण मला घेऊन जा."

मावशीने जुनी निळी चादर दुहेरी शिवून चौकटीला अडकवली. ताई घरी आली. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी पडद्याआड गेली आणि आतून म्हणाली, "कुणी येणार नाही ना?"

"मी बसते इथे. पाठ करून बसते. माझ्यावरून कोण जातंय बघू." मावशीने स्टूल आणलं आणि पडद्याला पाठ लावून बसली.

आत पाणी वाजू लागलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आहेस ना?"

"आहे. बोल."

हे रोजचंच झालं. सकाळी साडेनऊला ताई आत, मावशी बाहेर स्टुलावर. समोरासमोर बसून ज्या दोघी डाळीत मीठ जास्त की कमी यावर हुज्जत घालायच्या, त्या पडद्याच्या दोन बाजूंना बसल्या की भलत्याच मोकळ्या व्हायच्या. आई गेली त्या दिवशी कुणी काय घातलं होतं, शाळेतली कोणती बाई उगाच मारायची, ताईच्या नवऱ्याचं घोरणं. मावशीला तर हे सवयीचंच होतं. जन्मभर तिने न दिसणाऱ्या माणसांशीच बोलणं केलं होतं.

एकदा ताई आतून म्हणाली, "तुमच्या बोर्डावर तो मौनीबाबा होता, आठवतो?"

आठवणार नाही कसा? रोज दुपारी तीनला एक दिवा लागायचा. मावशी "नंबर?" म्हणायची आणि पलीकडून कुणी चकार शब्द बोलायचं नाही. थोडं थांबून फोन खाली ठेवायचा. पोरींनी त्याला मौनीबाबा नाव ठेवलं होतं. एकदा मावशीने त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं, "जीभ घरी ठेवून येता का हो?"

"ती मी होते," ताई म्हणाली. "आमच्या ऑफिसातून करायचे. दुसरीने उचलला की लगेच ठेवायचे. तुझा आवाज आला की जरा ऐकायचे."

मावशी स्टुलावर ताठ झाली. "अगं मग बोलायचं नाही का!"

"कामाच्या वेळी? तुला बोलणी बसली असती. आणि एका शब्दावरून कळायचं मला. जेवली आहेस, दमली आहेस, कुणाशी भांडली आहेस. तेवढं कळलं की झालं. पण काय शिव्या घातल्यास गं मला!"

आतून हसू आणि पाणी एकदमच सांडत होतं. मावशी पडद्याला पाठ लावून हसली, मग डोळ्यांना पदर लावला, मग पुन्हा हसली. त्या दिवशी आंघोळीला तास लागला.

सुताराला ती पहिल्यांदा रोज फोन करायची. मग आठवड्याने, मग महिन्याने. मग कधीतरी करायचा राहून गेला. ताईनेही विचारलं नाही. दाराची आठवण दोघींपैकी आधी कुणी सोडली, हे मावशीला आजही सांगता येत नाही.

ताई चार वर्षं होती. एका दुपारी आंघोळ-जेवण उरकून खिडकीशी खुर्चीत बसली आणि तिथेच गेली. वेदना नाही, धावपळ नाही. तिचं सामान भाचीने आवरलं. पडद्याला मात्र मावशीने कुणाला हात लावू दिला नाही. ती स्वतः वरच्याच न्हाणीघरात जायची. कधी साडेनऊला स्टुलावर येऊन बसायची, काम नसताना, आणि थोड्या वेळाने उठायची.

अशाच एका सकाळी फाटकात हातगाडी वाजली.

सुतार होता. केस पांढरे झालेले, कानावर पेन्सिल तशीच. हातगाडीवर दार. "आलो की नाही, मावशी? म्हटलं होतं ना!" चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. त्याच्या हिशेबी आजच उद्या होता. "चार बोटं बरोब्बर तासलीत. ताई कुठे आहेत?"

मावशीने खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तेवढ्यावरून त्याला समजलं. त्याने पेन्सिल कानावरून काढून हातात धरली आणि म्हणाला, "मला उशीर झाला."

दार त्याने आत आणून भिंतीला टेकवून ठेवलं. दार सुरेख होतं, नावं ठेवायला काही जागा नव्हती. कडा गोल केलेल्या, आणि कडी खाली, खुर्चीत बसल्या माणसाचा हात पोचेल अशी. एवढं त्याने लक्षात ठेवलं होतं. मावशीने ती कडी एकदा लावून बघितली, एकदा काढून बघितली. आवाजही झाला नाही.

"अर्ध्या तासात बसवतो," सुतार म्हणाला आणि पडदा काढायला त्याने हात वर केला.

मावशीने श्वास घेतला, अगदी बारीकसा.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या या."