मे महिन्यातली पाहणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज सोसायटीच्या पार्किंगमधल्या पाण्यात बगळा उभा होता आणि वॉचमन त्याला काठीने हाकलत होता. जागा बगळ्याचीच. विकास आराखड्यासाठी या पाणथळीची पाहणी मी मे महिन्यात केली आणि भेगाळलेली जमीन बघून तिला नकाशावर घरांचा पिवळा रंग दिला.

काठावर लव्हाळ्याच्या चटया विणणारी सखूबाई म्हणाली, "सायेब, श्रावणात येऊन बघा की."

"होडी धाडशील का, मावशी?" मी म्हणालो. सगळे हसले.

भराव पडला, पुढच्याच श्रावणात पाणी तिच्या झोपडीत शिरलं आणि सखूबाई बुडून गेली.

दहाव्याला मी घाटावर मागे उभा होतो. कावळा पिंडाला शिवेना. "आये, काय राहिलं गं तुझं?" मुलगा रडत विचारत होता. 'सखूबाई, माझं चुकलं,' एवढंच मला म्हणायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.