खाणवाले साहेब तोक्योत

कपाटात मोजे साठतात तसे हॉवर्डसाहेबांचे किस्से माझ्याकडे साठलेत. एक शोधायला जावं तर चार बाहेर पडतात!

अमेरिकेत पर्यावरण शिकून मी नागोयाला आईबाबांकडे परतले आणि नव्वदच्या दशकातल्या तोक्योत एका अमेरिकन तांबे कंपनीत दुभाषी म्हणून लागले. खाणवाला साहेब म्हणजे सिगार, सोन्याचं घड्याळ, नद्यांचा शत्रू, अशी माझी खात्री! प्रत्यक्षात साहेब ऑफिसच्या जिन्यात बसून भाताचा गोळा खात होते. मी उभ्या उभ्या सुनावलं, "तुमच्या खाणीतून येणारं पाणी खालची गावं पितात. शुद्धीकरण प्रकल्प हवाच!"

"हवाच. जपानी गिऱ्हाईकानं लांब मुदतीचा करार केला तर मुख्य ऑफिस पैसे देईल. आधी बस, जेव."

*

पण करार होतोय कसला! भाव सांगितला की जपानी मंडळी डोळे मिटून गप्प. साहेबांना शांतता सोसवायची नाही. ते भाव उतरवायचे. पुन्हा शांतता, पुन्हा उतरवायचे! एकदा लिफ्टपाशी गिऱ्हाईक कंपनीचे सातो-सान मला हळूच म्हणाले, "पहिलाच भाव पसंत होता हो. आम्ही नुसता विचार करत होतो!"

*

घरात दगडांचे नमुने फार झाले, म्हणून साहेबांनी पिशवीभर दगड कचऱ्यात ठेवले. 'न जळणाऱ्या' कचऱ्याचा ठरलेला वार बघून, बरं का! संध्याकाळी पिशवी दारात परत. शेजारच्या आजी कमरेवर हात ठेवून उभ्या. साहेबांनी बोलावलं म्हणून मी गेले आणि भाषांतर केलं, "ज्या डोंगरातून आणलेत, तिथे ठेवून या म्हणतात."

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तू घुसवलंस ना?"

*

अखेर गिऱ्हाईक कंपनीचे म्हातारे अध्यक्ष भेटायला तयार झाले. करार त्याच दिवशी ठरणार होता. पाण्यावरचं माझं जपानी भाषण तोंडपाठ! बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात, लाकडी पाटावर एक काळा दगड मांडला होता. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. साहेबांनी तो उचलला आणि चक्क चाटला!

"अहो साहेब!"

"ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग दिसत नाही."

दारात अध्यक्ष उभे! ते सावकाश आले, साहेबांच्या हातून दगड घेतला, उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं चाटला.

"इकडून बघा," ते म्हणाले.

मग दोघं खिडकीपाशी तो दगड उजेडात फिरवत बसले. भाषांतराची गरजच पडेना. निघायच्या वेळी साहेबांनी माझ्यामार्फत एवढंच सांगितलं, की करार झाला तर पाण्याचा प्रकल्प उभा राहील.

"करार झाला," अध्यक्ष म्हणाले. "पण तिथे जाऊन तो उभा कोण करणार?"

प्रश्न साहेबांना इंग्रजीत सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, तो मलाच लागू होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना म्हटलं, "दुभाषी दुसरी शोधा. मी खाणीवर जातेय."