कॉलरच्या आतलं कापड

आमच्या घरात कुणी नवा कोट घ्यायला निघालं की दुकानातच त्याची कॉलर उलटी करून चाचपतं. दुकानदार चक्रावतात. हा वेडेपणा पणजोबांचा, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

पणजोबा शिंपी. परक्या देशात बोटीतून उतरले तेव्हा जवळ एक कात्री, एक प्रार्थनेचं पुस्तक आणि तिथल्या भाषेतले जेमतेम वीस शब्द, त्यातले निम्मे मापांचे. बायको आणि चार वर्षांची मुलगी मागे राहिली होती. त्यांना आणायचं तर तिथल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची लेखी हमी लागे. पणजोबांच्या ओळखीत असा माणूस एकच, सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, सेक्रेटरी. गृहस्थ नाकावर माशी बसू न देणारे. पणजोबांनी शिवलेला लोकरीचा कोट तीन आठवडे मिरवल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "सोमवारी या. हमीवर सही करतो."

शुक्रवारी सकाळी पणजोबा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कोट बेतत होते. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जाडसर कापड घालतात. सेक्रेटरींच्या कॉलरमधून उरलेलं कापड त्यांनी हातात घेतलं. दुकानदाराने सुती म्हणून दिलेलं. सवयीने एक धागा ओढला, ओठांत ओला केला, तोडला. सुताचं टोक पिंजारतं. हे टोक लांब, सरळ, चकचकीत निघालं. लिनन, जवसाच्या धाग्याचं!

लोकर आणि लिनन एका कपड्यात आणायचं नाही, हा आम्हा ज्यूंचा नियम. का, ते विचारू नका. धर्मग्रंथाने कारण दिलेलं नाही आणि पणजोबांनी कधी मागितलं नाही. प्रत्येक कापडाचा धागा तोडून बघणारा हा माणूस, पण बायकोमुलीला आणायच्या घाईत नेमका त्या एका कोटाचा धागा तपासायचा राहून गेला होता.

त्यांच्या खोलीत काजं करणारा एक सोबती राहायचा. तो म्हणाला, "अरे, सोमवारी सही होऊ दे, मग सांग. कॉलर काय पळून जातेय?"

"उद्या शनिवार. तोच कोट घालून ते प्रार्थनेला उभे राहणार."

"आतलं कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना!"

त्यांच्या जागी मी असतो तर सोमवारपर्यंत तोंडाला कुलूप घातलं असतं, खरं सांगतो. पणजोबांनी कात्री खिशात टाकली आणि थेट सेक्रेटरींचं घर गाठलं.

"साहेब, कोट काढून द्या. कॉलरमध्ये लिनन आहे. चूक माझी आहे."

सेक्रेटरी लालबुंद झाले. "तीन शनिवार मी हा घालून सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो!" त्यांनी कोट पणजोबांच्या अंगावर फेकला आणि आत जाऊन दार आपटलं.

पणजोबांनी कॉलर उसवली, नवं कापड धागा तोडून तपासलं, बसवलं. सूर्य मावळून शनिवार लागायच्या आत कोट नेऊन दिला. सेक्रेटरींच्या बायकोने तो दारातूनच घेतला. सोमवारी पणजोबा भीतभीत पुन्हा गेले. "साहेब बाहेर गेलेत," एवढंच सांगून तिने दार लावलं.

घरी येऊन त्यांनी पणजीला पत्र लिहिलं. कॉलरची सगळी हकिकत, आणि शेवटी, "आता हमी मिळेल असं वाटत नाही. मला माफ कर."

दोन महिन्यांनी पणजीची तार आली. त्या दोघी बोटीत बसत होत्या. सोमवारी साहेब बाहेर गेले होते ते हमीचा कागद स्वतः कचेरीत द्यायला. त्याबद्दल ते पणजोबांशी जन्मात एक अक्षर बोलले नाहीत. त्या कागदाची नक्कल आमच्याकडे आहे. "हा माझा शिंपी. याच्या शब्दाची हमी मी देतो."

मागे राहिलेली ती मुलगी म्हणजे माझी आजी. बंदरावर तिने वडिलांना ओळखलंच नाही, आईच्या मागे लपली. आधी पणजीच बोलली.

"ती कॉलर नीट बसवून दिलीत ना?"

पणजोबा "हो" म्हणाले आणि भर गर्दीत हमसून हमसून रडू लागले.