म्हैस बसली

आमची एकुलती एक म्हैस बसली, त्या वर्षी घरातला चहा कोरा झाला आणि आई दुसऱ्यांचे गोठे झाडायला जाऊ लागली. बसली म्हणजे खाली पडली ती पुन्हा उठलीच नाही. म्हशीबरोबर अख्खं घर बसतं. घरातली पहिली पदवीधर मी. आज दूध संघाची व्यवस्थापक आहे, तरी 'बसली' हा शब्द अजून चटका देतो.

परवा तो ऑफिसच्या स्क्रीनवर दिसला. संघाला दूध घालणाऱ्या एका बाईंनी कळवलं होतं, "व्याल्यापासून म्हैस बसलीय." उत्तरं लिहायला नव्यानं आणलेल्या एआयनं गोड मसुदा केला होता, "तिला निवांत बसू द्या." मसुदे तपासणाऱ्या पोरींपैकी सुमननं कपाळावर हात मारला. "अगं बये, हिची म्हैस हातची चाललीय!" म्हणत तिनं डॉक्टरांना पिटाळलं.

तरी संचालक म्हणालेच, "मॅडम, एआय आलंय. आता या पोरी कशाला?"

"साहेब, ते हुशार आहे, पण त्याची म्हैस कधी बसलेली नाही. एआय राहील, पोरीही राहतील, आणि त्याच त्याला शिकवतील. पटत नसेल तर माझी खुर्ची घ्या."

खुर्ची कुणी मागितली नाही. एआय मसुदे लिहितं, सुमन तपासते. आणि त्या बाईंची म्हैस उठून उभी राहिली.