चित्राहुतीचा भात

पन्नास सालानंतरची गोष्ट. राधानगरीच्या रानात आमची मोजणीची छावणी पडली होती. मी कोल्हापुरातल्या शिक्षकाच्या घरातला. मुंज झाल्यापासून ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला चित्राहुतीच्या भाताच्या पाच चिमटी ठेवल्याशिवाय घास घेत नसे. जेवणानंतर त्या तंबूबाहेरच्या दगडावर टाकायचो. रानातले सातभाई, मातकट रंगाची थव्याने फिरणारी पाखरं, त्यावर टपलेले असत. महिन्याभरात ते दगडापाशी थांबेनासे झाले. थेट ताटाशी यायचे, चोच वासायचे. मला त्याचं फार कौतुक वाटे.

मुरगूडकडचे एक मामा आमचा स्वयंपाक करत. ते म्हणायचे, "सायेब, ही पाखरं न्हाईत, तुमची पावणं झाल्यात. उद्या भात गार हाय म्हणून मलाच बोलतील."

पुढे घुशींनी तांदळाचं पोतं फोडलं. विषारी औषध मी आणलं, भातात मीच कालवलं. संध्याकाळी पोत्यांच्या कडेने तो भात ठेवताना हाताला वळण तेच होतं: पाच चिमटी, एका ओळीत. मला ते तेव्हा जाणवलंही नाही.

"दिस उगवायच्या आत उचला," मामांनी बजावलं. "इसरू नका."

मी हो म्हटलं. आणि सकाळी चहा पीत नकाशा बघत बसलो.

मामांनी हाक मारली तेव्हा ऊन आलं होतं. पोत्यांपाशी चार सातभाई पडले होते. एकाचे पाय अजून हलत होते आणि थव्यातले जिवंत राहिलेले तिघे त्याला चोचीने ढोसून उठवू बघत होते. भाताचं शीतही शिल्लक नव्हतं.

"उचलला न्हाईसा?"

"उचलला होता की," मी म्हणालो. "एखादी चिमूट राहिली असेल."

जमिनीवर पाचही ठिकाणी ओल्या डागांत चोचींच्या खुणा होत्या. मामांनी त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फावडं आणायला गेले. ते खोटं मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

दुपारी ताट वाढलं. मी चित्राहुती घातली नाही. तरी ते तिघे आले, ताटाशी उभे राहून चोची वासू लागले. मी ढेकूळ फेकलं. ते हातभर उडाले आणि पुन्हा तिथेच येऊन बसले.

"लागू द्या सायेब," मामा चुलीजवळून म्हणाले. "भ्यायला शिकू द्यात."

दुसरं ढेकूळ मी नेम धरून मारलं.